ओबरामरगाऊचा नवस

पवित्र शास्त्रांतील व्यक्तींचे वेश घेऊन लोकांपुढें उभें राहणें हा करमणुकीचा प्रकार कीं भक्तीचा, असा प्रश्न पुष्कळ भाविक विचारतात. नाताळांत आपलीं मुलें मेंढपाळ आणि तीन राजे होतात, वडील मंडळी कौतुक करितात, आणि विषय तेथेंच संपतो. परंतु या प्रथेचा उगम रंगभूमीवर नसून देवळांत झालेला आहे.

इ. स. ९७० च्या सुमारास इंग्लंडांत विंचेस्टर येथें मठवासियांकरितां जी नियमावली तयार झाली, तिच्यांत पुनरुत्थानाच्या पहाटेचा एक विधि दिला आहे. एका बंधूनें शुभ्र झगा घालून व हातांत ताडाची फांदी घेऊन कबरेपाशीं बसावें. दुसऱ्या तिघांनीं धूपदाण्या घेऊन, कांहीं शोधीत असल्यासारखें, हळूहळू तेथें यावें. बसलेला तो देवदूत, आणि येणाऱ्या त्या पुण्यशील स्त्रिया. वेश म्हणजे उपासनेचींच वस्त्रें. संवाद लॅटिन भाषेंतला, आणि तोही गाऊन म्हणावयाचा. पुढें हीं नाटकें देवळाबाहेर रस्त्यांवर आलीं. यॉर्क शहरांत नोहाचें तारू जहाजें बांधणारे कारागीर उभारीत, आणि शेवटच्या भोजनाचा प्रवेश पाव भाजणाऱ्यांकडे असे! धर्मक्रांतीनंतर तेथील जुने प्रयोग बंद पडले. शेवटचा १५६९ सालीं झाला.

जर्मनींतील बव्हेरिया प्रांताच्या डोंगरांत मात्र एका खेड्यानें ही परंपरा आजतागाईत चालविली आहे. तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमींत त्या मुलुखांत महामारी पसरली. १६३३ सालीं ओबरामरगाऊ येथील लोकांनीं नवस केला कीं, ही पीडा टळल्यास आपण दर दहा वर्षांनीं प्रभूच्या दुःखसहनाचें नाटक करूं. परंपरा सांगते कीं, त्यानंतर गांवांत त्या रोगानें एकही मनुष्य दगावला नाहीं. १६३४ सालीं पहिला प्रयोग झाला, तो देवळालगतच्या दफनभूमींत, महामारींत गेलेल्यांच्या थडग्यांवर मंच उभारून. १८२० पर्यंत तेथेंच प्रयोग होत. १८३० सालीं ते दुसऱ्या जागीं नेण्यांत आले. ज्यांच्या आप्तांच्या अस्थि पायांखालीं होत्या त्यांच्या नाटकास करमणूक म्हणण्याचें धैर्य आम्हांस तरी होत नाहीं.

१६८० पासून हे प्रयोग शून्यानें संपणाऱ्या सालीं होऊं लागले. १७७० सालीं सरकारनें बंदी घातली. १९२० चे प्रयोग पहिल्या महायुद्धामुळें १९२२ वर गेले. १९४० चे झालेच नाहींत. आणि ज्या नवसाचें मूळ महामारींत, तोच २०२० सालीं कोविडच्या साथीमुळें दोन वर्षें लांबला.

गांवांत जन्मलेल्यांस किंवा २० वर्षें राहिलेल्यांसच पात्र मिळतें. आदल्या वर्षींच्या राखेच्या बुधवारापासून पात्रांनीं केस व दाढी वाढवावयाची, कारण तेथें टोप चालत नाहीं. रोमी शिपायांस तेवढी सूट आहे. सुमारें ५,००० वस्तीच्या गांवांत जवळजवळ २,००० माणसें या कार्यांत गुंततात. सुतार, शिक्षक, दुकानदार असे सारे त्यांत असतात. १९९० पर्यंत स्त्रियांस मात्र अविवाहित व ३५ वर्षांच्या आंतलें असावें लागे. ही अट न्यायालयाच्या निर्णयानें गेली.

आतां एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. १८११ ची संहिता एत्ताल मठांतील बेनेडिक्टाइन धर्मगुरू ओथमार वाइस यांनीं लिहिली, आणि पुढें गांवचेच धर्मगुरू दाइझेनबर्गर यांनीं ती सुधारली. हात धर्मगुरूंचे होते, म्हणून संहिता निर्दोष होती असें नव्हे. यहुदी याजकांच्या शिरोभूषणांस शिंगें असत. पात्र रंगमंचावर येतांच तें दुष्ट आहे हें वेशच सांगे. मत्तयकृत शुभवर्तमानांतील ‘त्याचें रक्त आम्हांवर’ या अर्थाचा आक्रोश सारा जमाव करी. वेशामध्यें एवढी शक्ति आहे कीं खोटेंही तो खरें भासवितो. १९३४ सालीं, नवसपूर्तीच्या त्रिशताब्दीस, हिटलर स्वतः प्रेक्षकांत होता. १९४२ सालीं त्यानें यहुद्यांच्या चित्रणाबद्दल या नाटकाची वाखाणणी केली. ज्या प्रभूनें आपल्या मातेच्या मुखांतून स्तोत्रें शिकलीं, तो स्वतः यहुदी होता, हें त्या प्रेक्षागृहांत किती जणांच्या ध्यानांत असेल?

१९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रांत स्पष्ट केलें कीं, प्रभूच्या मरणाचा दोष तेव्हांच्या सरसकट सर्व यहुद्यांवर, किंवा आजच्या यहुद्यांवर, लादतां येत नाहीं. तरीही गांव सावकाशच हललें. १९७० सालीं अमेरिकेंतील यहुदी संस्थांनीं बहिष्कार पुकारला. शिंगें कालांतरानें गेलीं. १९९० पासून दिग्दर्शक असलेल्या ख्रिश्चियन श्ट्युक्ल यांच्या काळांत, २००० सालीं, तो आक्रोशही वगळण्यांत आला. परंपरेंत ढवळाढवळ होते म्हणून गांवांतील वृद्ध रुष्ट झाले. तो रोष आम्हांस समजतो, पण पटत नाहीं. नवस दुःखसहन दाखविण्याचा होता, शिंगें दाखविण्याचा नव्हे.

२०२२ च्या प्रयोगांत येशू धर्मशास्त्राची गुंडाळी उंच धरतो, आणि सारा समुदाय हिब्रू भाषेंत ‘हे इस्राएला, ऐक’ ही प्रार्थना गातो. यूदासाचें काम त्या वेळीं तुर्की वंशाच्या एका मुसलमान तरुणानें केलें. तो त्याच गांवचा. पुढचे प्रयोग २०३० सालीं व्हावयाचे आहेत, आणि त्याच्या आदल्या वर्षीं राखेच्या बुधवारीं गांवांतील न्हाव्यांचें काम पुनः थांबेल.