झिजलेले नाणे काय सांगते?

इतिहासाच्या तासाला जुन्या नाण्यांचा विषय निघाला की पुढच्या आठवड्यात दोन-तीन मुले तरी घरातला राणीछाप रुपया घेऊन येतात. नाणे आजीच्या पुरचुंडीतले असते, नाहीतर देव्हाऱ्यातले. शाळेत न्यायचे म्हणून ते चिंचेने किंवा राखेने लख्ख घासलेले असते. आणि वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘याचे किती रुपये येतील?’

प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो इतिहासाच्या शिक्षकाइतकाच विज्ञानाच्या शिक्षकाच्याही कामाचा आहे. चांगले नाणे कोणते? सराफ, संग्राहक आणि इतिहासकार या तिघांना विचारले तर तीन वेगळी उत्तरे मिळतात.

पोतदाराची पारख

आपल्या वर्गात पोतदार किंवा सराफ आडनावाची मुले असतील. ही आडनावे नाणी पारखण्याच्या धंद्यावरून आली आहेत. पेशवाईत एकाच बाजारात अनेक टांकसाळींचे रुपये फिरत. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, सुरतेचा सुरती. प्रत्येकाचे वजन थोडे निराळे, चांदीचा कस निराळा. सरकारी भरणा घेताना पोतदार प्रत्येक नाणे पाही, पाटावर वाजवून बघे, शंका आली तर कसाला लावी. नाणे कमअस्सल किंवा झिजलेले असेल तर त्याच्या किमतीतून बट्टा कापला जाई. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार याच व्यवहारातून आला.

पोतदाराच्या दृष्टीने प्रश्न दोनच होते : धातू किती शुद्ध आणि वजन किती शिल्लक? नाण्यावर कोणाचे नाव आहे, ठसा किती सुबक आहे, याला महत्त्व नव्हते. म्हणूनच राज्य बदलले की जुनी नाणी सर्रास मुशीत आटवली जात. इंग्रजी अमलातही झीज मोजली जाई. १८३५ पासून रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरले आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी असे. वजनात शेकडा दोनपेक्षा जास्त घट आलेला रुपया कायद्याने चलन राहत नसे. शेकडा दोन म्हणजे फक्त ०.२३ ग्रॅम!

संग्राहकाची प्रतवारी

संग्राहकाचा हिशेब उलटा आहे. त्याला धातूपेक्षा ठशाची अवस्था महत्त्वाची. राणीच्या मुकुटावरची नक्षी, केसांच्या बटा, कडेचे दाते यांतले किती शाबूत आहे, यावर तो नाण्याची प्रत ठरवतो. सगळ्यांत वरची प्रत टांकसाळीतून निघून कोणाच्या हाती न फिरलेल्या नाण्याची. त्याखाली अत्युत्तम, उत्तम, बरे अशी उतरंड असते आणि तळाला ओळख पटण्यापुरते उरलेले नाणे. या पारखीला आकडे दिले विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवरचे त्याचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले. त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी होती. कल्पना अशी, की १ प्रतीच्या नाण्याला एक डॉलर येत असेल तर त्याच जातीच्या ७० प्रतीच्या नाण्याला सत्तर डॉलर यावेत. किमतींचे हे गणित काही टिकले नाही, पण मोजपट्टी टिकली. १९८० नंतरच्या दशकात नाणी तपासून, आकडा देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देणाऱ्या संस्था अमेरिकेत निघाल्या आणि ती पट्टी जगभर पसरली.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. घासलेले नाणे या पट्टीवर खाली घसरते. चांदीवरचा काळा थर म्हणजे मुख्यतः सिल्व्हर सल्फाइड. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची अभिक्रिया होऊन तो बनतो. राखेने घासले की थराबरोबर खालची चांदीही जाते आणि पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात. चिंचेतले आम्ल मिश्रधातूतल्या तांब्यावर काम करते. नाणे चमकते, पण त्याचा मूळ पृष्ठभाग परत येत नाही.

हातात न फिरलेले नाणे सर्वांत वरचे, हे संग्राहकाचे उत्तर झाले. आता इतिहासकाराकडे वळू.

कोसंबींचा तराजू

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांना संख्याशास्त्र शिकण्यासाठी प्रत्यक्ष उदाहरण हवे होते. त्यांनी निवडली आपल्याकडची सर्वांत जुनी चांदीची नाणी, म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर सूर्य, डोंगर, प्राणी असे ठसे एकेक करून मारलेले असत. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. वजन मात्र ३२ गुंजांच्या, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमच्या मापाचे. चिन्हांचे अर्थ लावण्यात अनेक विद्वान गुंतले होते. कोसंबींनी नाणी तराजूत घातली.

त्यांचा तर्क साधा होता. टांकसाळीतून निघताना नाण्यांची वजने जवळजवळ सारखी असतात. मग ती हातोहात फिरतात, थैलीत एकमेकांवर घासतात आणि दरवर्षी थोडी थोडी हलकी होतात. पण सगळी सारखी झिजत नाहीत. एखादे रोज बाजारात जाते, एखादे मडक्यात पडून राहते. म्हणून काळ जाईल तसे सरासरी वजन घटते आणि त्याच वेळी वजनांमधला फरक वाढत जातो. हा नियम खरा ठरतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी चालू व्यवहारातली नाणी जमवून सालवार वजन केली. चलनात फिरल्याने नाण्याच्या वजनावर होणाऱ्या परिणामांविषयीचा त्यांचा लेख १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला.

हीच पद्धत त्यांनी तक्षशिलेच्या ठेव्यांना लावली. आहत नाण्यांच्या पुढच्या बाजूला ठरावीक पाच मोठे ठसे असतात. मागच्या बाजूला मात्र कमीजास्त संख्येने बारीक खुणा. मागच्या खुणा जितक्या जास्त तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना दिसले. याचा अर्थ त्यांनी असा लावला, की नाणे वेळोवेळी कोणीतरी तपासत होते आणि दर तपासणीला एक खूण उमटवत होते. म्हणजे पोतदाराच्या पूर्वजाची ती सहीच म्हणायची! हा अर्थ सर्वच नाणकशास्त्रज्ञांनी मान्य केला असे नाही. पण निनावी नाण्यांचा कालक्रम झिजेवरून लावता येतो, ही दृष्टी त्यांनी दिली.

यात कोऱ्या नाण्यालाही काम आहे. तक्षशिलेला १९२४ मध्ये सापडलेल्या ठेव्यात हजारावर आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचे एक नाणे होते, तिन्ही जवळजवळ कोरी. फिलिप इ. स. पूर्व ३२३ ते ३१७ या काळात गादीवर होता. नाणे फार फिरले नव्हते, तेव्हा ठेवा त्यानंतर लवकरच पुरला गेला असणार. कोऱ्या नाण्यांनी पुरण्याची तारीख दिली. झिजलेल्या नाण्यांनी त्याआधीच्या कित्येक दशकांचा व्यवहार दाखवला. प्रत म्हणजे गुण नव्हेत, तो पुरावा आहे.

जोगलटेंभीचा ठेवा

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा मिळाला. नाणी सव्वातेरा हजारांच्या वर होती आणि सगळी एकाच राजाची : क्षहरात कुळातला क्षत्रप नहपान. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. गंमत अशी, की अक्षरे ग्रीक असली तरी शब्द आपल्याकडचेच आहेत.

यांपैकी नऊ हजारांहून जास्त, म्हणजे दर दहांतली सुमारे सात नाणी ‘बिघडलेली’ होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता : एका बाजूला कमानींचा डोंगर आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. घाईने मारलेल्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक, कान, अक्षरे डोकावत होती. सौंदर्याच्या पट्टीवर अशा नाण्याला काय प्रत मिळणार? पण नाशिकच्या पांडवलेण्यातल्या लेखात गौतमीपुत्राची आई बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडला असे अभिमानाने सांगते. तो आईचा अभिमान की वस्तुस्थिती, याचे उत्तर त्या दुबार ठशांनी दिले. मधल्या कोणा राजाचे नाणे ठेव्यात नव्हते. म्हणजे नहपानाची सत्ता थेट गौतमीपुत्राकडे गेली असावी, हाही निष्कर्ष निघाला.

या ठेव्याचा अभ्यास करून रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. चेहरे ताडून पाहताना नाकाची ठेवण, मान, वय यांत त्यांना इतका फरक आढळला, की ही चित्रे एकाच माणसाची नसावीत असे त्यांनी सुचवले. हा प्रश्नच सुटी पाच-दहा नाणी पाहून सुचला नसता. हजारो नाणी एकत्र राहिली म्हणून तो विचारता आला.

याच नहपानाचा जावई उषवदात याचा लेख पांडवलेण्यात आहे. सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, असा हिशेब त्यात दिला आहे. एका सुवर्णाला ३५ कार्षापण. कार्षापण नहपानाच्या नाण्यासारखा सुमारे २ ग्रॅमचा आणि सुवर्ण कुषाणांच्या सुमारे ८ ग्रॅमच्या सोन्याच्या नाण्याएवढा धरला, तर ७० ग्रॅम चांदीला ८ ग्रॅम सोने. म्हणजे सोने चांदीच्या सुमारे नऊपट महाग. आजचा भाव मुलांना वर्तमानपत्रात पाहायला सांगून तुलना करावी.

साष्टी बेटातले रूपक

हे सारे नाशकाचे झाले. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या जमिनीवर उभी आहेत, तिथेही हा पुरावा मिळाला आहे. हे जुने साष्टी बेट. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतले लेख भिक्षूंच्या वस्त्रांसाठी कार्षापणांच्या कायम ठेवी ठेवल्याचे सांगतात. पुढे सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची लहान नाणी निघाली; एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. ती साष्टी आणि मुंबई बेटांतही सापडली आहेत. कोकणपट्टीशी कलचुरींचा संबंध सांगताना इतिहासकार त्यांचा आधार घेतात.

कृष्णराज सहाव्या शतकाच्या मध्याचा. पण नाशिकजवळच्या अंजनेरी येथे मिळालेल्या, इ. स. ७१०च्या सुमाराच्या ताम्रपटांत रकमा ‘कृष्णराज रूपकां’त सांगितल्या आहेत. राजा जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षे झाली, राजवट बदलली, तरी त्याचा रुपया चालूच होता! तेव्हा कृष्णराजाचे पुसट झालेले नाणे हाती आले तर ते वाईट म्हणून बाजूला टाकू नये. लोकांनी त्यावर किती पिढ्या विश्वास ठेवला, हे त्याच्या पुसटपणात आहे. पुढे याच अंजनेरीला १९८०च्या सुमारास भारतीय नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आणि संग्रहालय उभे राहिले. नाशिकची सहल नेणाऱ्या शाळांनी ते जरूर पाहावे.

वर्गात काय करता येईल?

पोतदाराचे दोन प्रश्न, कस आणि वजन, शाळेच्या प्रयोगशाळेत सोडवता येतात. १८७७ नंतरचा एक रुपया घ्या. (१८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षे रुपयांवर छापले जात होते, त्यामुळे त्या सालावर भरवसा ठेवू नये.) आधी हवेत वजन करा. मग दोऱ्याने पाण्यात टांगून करा. बारापैकी अकरा भाग चांदीच्या मिश्रधातूची घनता सुमारे १०.३ आहे. म्हणून ११.६६ ग्रॅमच्या रुपयाचे वजन पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने घटेल. १९४० नंतरच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. तिथे घट १.२२ ग्रॅमच्या आसपास येईल. १९४७चा निकेलचा रुपया तर १.३ ग्रॅमने घटेल. पितळेवर चांदीचा मुलामा दिलेले बनावट नाणेही असेच उघडे पडते. फरक लहान आहे, म्हणून तराजू ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा हवा.

यातला मुद्दा मुलांकडून काढून घ्यावा : नाणे झिजले तर वजन घटते, घनता बदलत नाही; भेसळ असेल तर घनता बदलते. दोन वेगळ्या कारणांना दोन वेगळी मापे.

घरी जुना रुपया नसला तरी अडत नाही. चलनातली एकाच जातीची, एकाच धातूची नाणी जमवून सालवार गट करा, प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढा आणि आलेख मांडा. कोसंबींनी केले ते हेच. आजची नाणी कठीण धातूची असल्याने झीज कमी दिसेल. तीही नोंद करण्याजोगीच.

पाया खणताना किंवा शेतात नाणी सापडली तर काय करायचे, हेही याच वेळी सांगावे. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. बहुतेक वेळा तसे होत नाही. नाणी सापडणाऱ्यांत वाटली जातात. सुबक ती संग्राहकाकडे जातात, झिजलेली मुशीत. सोने-चांदी वाया जात नाही, पण मडक्यात कोणते नाणे कोणाच्या शेजारी होते हे कायमचे पुसले जाते. म्हणून प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी असावी : कोठे मिळाले, कधी, सोबत काय होते, वजन किती. घरातल्या रुपयासाठीही अशी चिठ्ठी लिहिता येते. तो कोणाचा, कोणत्या निमित्ताने घरात आला, हे आज सांगू शकणारे माणूस बहुधा घरातच असते. मुलांनी ते विचारावे, लिहून घ्यावे आणि नाणे न घासता कागदाच्या पुडीत त्या चिठ्ठीसह ठेवावे.