नदी बंद, गाव भरलेलं

पाणी मांडीपर्यंत असेल तर ४८ मोन. कमरपट्ट्याच्या खाली ५२, पट्ट्याच्या वर ६८, छातीला लागलं की ७८ आणि काखेपर्यंत चढलं की ९४. जपानमधल्या ओइ नदीवर माणसाला खांद्यावर बसवून पैलतीरी नेण्याचे एदो काळातले हे दर. मोजपट्टी होती ती हमालाच्या अंगाची. शिमादा गावच्या नदीकचेरीत प्रवासी तिकीट विकत घेई, हमाल ते डोक्याच्या फडक्याला किंवा केसांना बांधून पाण्यात उतरे आणि काम झालं की त्याचे पैसे करून घेई.

पाणी साडेचार शाकुच्या, म्हणजे १३६ सेंटिमीटरच्या वर गेलं की मात्र दरच उरत नसे. उतार बंद! या बंदीला ‘कावादोमे’ म्हणत. कावा म्हणजे नदी, आणि ‘दोमे’ हे ‘तोमेरु’ या क्रियापदाचं जोडशब्दातलं रूप.

जपानी शिकणाऱ्याला तोमेरु फार लवकर भेटतं. गाडी तोमेरु, भळभळणारं रक्त तोमेरु, दोघांचं भांडण तोमेरु. त्याचं जोडीदार क्रियापद ‘तोमारु’. मराठी माणसाला ही जोडी परकी वाटत नाही, कारण थांबणे आणि थांबवणे यांचंही नातं असंच आहे. गोंधळ होतो तो पुढे. ज्या चिनी अक्षराने तोमेरु लिहितात, त्याच अक्षराने ‘यामेरु’ही लिहितात, आणि यामेरु म्हणजे सोडून देणं. आपण गाडी थांबवतो, पण सिगरेट सोडतो; जपानी माणूस गाडी तोमेरु करतो आणि सिगरेट यामेरु. गंमत अशी की हे अक्षर मुळात पावलाचं चित्र. चालणं या अर्थाच्या अक्षरातही तेच पाऊल दडलेलं आहे. आणि तोमारुचा आणखी एक अर्थ, वेगळ्या अक्षराने लिहिला जाणारा, म्हणजे रात्रीचा मुक्काम करणं.

कावादोमेत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत. एदो (आजचं टोकियो) आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा त्या काळचा सगळ्यात गजबजलेला रस्ता, आणि ओइ नदी त्याच्या वाटेत आडवी. तिच्यावर पूल नव्हता, होड्यांनाही मनाई. एदोच्या संरक्षणासाठी तोकुगावा राजवटीने असं केलं, हे कारण नेहमी सांगितलं जातं. पण एवढंच कारण पुरेसं वाटत नाही. डोंगरातून गोटे लोटत येणाऱ्या त्या प्रवाहात खांब टिकवणं अवघडच होतं, शिवाय नदी ओलांडून देण्यावर दोन गावांची चूल पेटत होती. १६९६ साली या कामाची रीतसर व्यवस्था लागली आणि पुढे दोन्ही काठांवर शेकडो हमाल राबू लागले.

पाऊस लागला की पूर्वेला शिमादा आणि पश्चिमेला कानाया, दोन्ही गावं फुगत. धर्मशाळा भरत, सरदारांचे लवाजमे अडकत, गरीब वाटसरूंची गाठीची पुंजी संपे. १८६८ च्या उन्हाळ्यात नदी सलग २८ दिवस बंद राहिली होती. अशा अडकून पडण्याला जपानीत ‘आशिदोमे’ म्हणतात. आशि म्हणजे पाय. आजही वादळाने रेल्वे बंद पडली की हाच शब्द बातमीत येतो. १८३२ साली रंगभूमीवर आलेल्या एका बाहुलीनाट्यात आंधळी झालेली नायिका आसागाओ प्रियकराच्या मागे धावत ओइ नदीपर्यंत पोचते; तो पलीकडे गेलेला असतो आणि नेमकं तेव्हाच कावादोमे जाहीर होतं. त्या काळच्या प्रेक्षकांपैकी कित्येकांनी तो काठ स्वतः अनुभवला असेल. म्हणून तर हा प्रसंग काळजाला भिडला.

कावादोमेला शेवट असे, पाणी ओसरलं की पहिला हमाल पुन्हा उतरे. तोमेरुच्या पोटात ही आशा असते, यामेरुत ती नसते. १८७० साली मेइजी सरकारने होड्यांना परवानगी दिली आणि हमालांची ती सगळी व्यवस्थाच कायमची मोडली. पिढ्यान् पिढ्या नदीत उभी राहिलेली माणसं एका हुकुमाने बेकार झाली. त्यातले काही पश्चिमेच्या माकिनोहारा पठारावर गेले. तिथे तोकुगावांचे जुने सैनिक आधीच माळरान फोडून चहा लावत होते. त्यांच्याप्रमाणे या हमालांनीही कुदळ हाती घेतली. तो मुलूख आज जपानच्या मोठ्या चहापट्ट्यांपैकी एक आहे.

या मळ्यांकडे जाण्यायेण्यासाठी १८७९ मध्ये शिमादाजवळ ओइ नदीवर लाकडी पूल बांधला गेला. होराइ पूल त्याचं नाव, लांबी ८९७.४ मीटर. पादचाऱ्यांसाठीचा जगातला सर्वांत लांब लाकडी पूल म्हणून त्याची नोंद झाली आहे. त्यावरून पायी पलीकडे जायला मोठ्या माणसाला १०० येन पडतात, मग खाली पाणी कितीही असो.