पाण्याच्या वाटेवरचे मुक्काम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर सरहद्दीवर, मिनेसोटा राज्याच्या अगदीं टोंकास, व्हॉयाजर्स नांवाचें एक राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान हा शब्द ऐकतांच फाटक, फरसबंद वाटा आणि बसावयास बांकें असें चित्र मनांत येतें. तें येथें बाजूस ठेवावें लागतें. सुमारें २,१८,००० एकरांच्या या प्रदेशाचा जवळजवळ दोन पंचमांश भाग निव्वळ पाण्याचा आहे. रेनी, कॅबेटोगामा, नमाकन आणि सँड पॉइंट हीं चार मोठीं सरोवरें, त्यांत विखुरलेलीं पांचशेंहून अधिक बेटें, आणि या सर्वांच्या मध्यें ७५,००० एकरांचें एक द्वीपकल्प, ज्यावर मोटारीची एकहि सडक नाहीं, असा हा मुलूख आहे. तंबूंतून व घरनौकांतून राहणाऱ्यांसाठीं कांठाकांठानें दोनशेंहून अधिक मुक्कामाच्या जागा राखल्या आहेत. परंतु त्यांपैकीं एकाहि जागीं गाडीनें जातां येत नाहीं.

मोटार धक्क्यापाशीं सोडावी, बिछाने, शिधा आणि भांडींकुंडीं होडींत रचावीं, वाऱ्याचा अंदाज घ्यावा आणि निघावें, हीच तेथील रीत. पोंचल्यावर मिळतें काय, तर खडकांतील थोडी सपाट जमीन, एक लांकडी मेज, शेकोटीभोंवतीं लोखंडी कडें, झाडींत आडोशाला शौचकूप, आणि अस्वलांच्या भयानें अन्न ठेवावयाची एक मजबूत पेटी. हॉटेलांत उतरण्याची संवय असलेल्या मनुष्यास ही सोय म्हणजे गैरसोयच वाटेल.

सडक न करणें हें कोणा अधिकाऱ्याच्या रसिकतेचें फळ असावें, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. या भागांत पाणी हाच रस्ता होता. आणि तो रस्ता, त्याचा कांठ व कांठावरील मुक्काम कोणाचे, याविषयीं जो दीर्घ झगडा चालला, त्याचें आजचें रूप म्हणजे या तंबूच्या जागा होत.

येथील खडक त्या खंडांतील अतिप्राचीन खडकांपैकीं आहे. त्याचें वय दोन अब्ज वर्षांहून अधिक. त्यावरची माती हिमनद्यांनीं खरवडून नेली आणि बर्फ मागें हटल्यावर खळग्यांत पाणी सांचलें. अशा भूमींत गाडीवाट करणें दुरापास्त; होडी मात्र एका सरोवरांतून दुसऱ्यांत जाऊं शकते. ओजिब्वे लोकांचें सारें जीवन या एका गोष्टीवर उभें होतें. त्यांचें वर्ष मुक्कामांनीं मोजलें जाई. वसंतांत मेपल वृक्षाच्या रसाची साखर करावयाची, उन्हाळ्यांत मासे धरावयाचे व रानफळें वेंचावयाचीं, शरदांत रानभात गोळा करावयाचा आणि हिवाळ्यांत शिकारीसाठीं रानांत शिरावयाचें. हा रानभात उथळ पाण्यांत आपोआप उगवतो. एकानें होडी त्यांतून लोटावयाची आणि दुसऱ्यानें दोन काठ्यांनीं लोंब्या वांकवून दाणे होडींतच झाडावयाचे, अशी त्याच्या सुगीची पद्धत. झोंपडीच्या काठ्यांचा सांगाडा जागच्या जागीं राही. वरची भूर्जाची साल मात्र गुंडाळून होडींत घालीत आणि पुढल्या मुक्कामीं पुनः पसरीत. आजच्या तंबूवाल्याची युक्ति याहून फारशी वेगळी नाहीं. फरक इतकाच कीं, तो सहलीस आलेला असतो, आणि त्यांचा तो संसार होता.

१६८८ सालीं जाक द नॉयों या फ्रेंच माणसानें रेनी सरोवरापाशीं हिवाळा काढला, असें मानतात. १७३१ सालीं ला व्हेराँद्री यानें पश्चिमेची मोठी मोहीम काढली. तिला एका आदिवासी वाटाड्यानें भूर्जाच्या सालीवर काढून दिलेल्या नकाशाचा आधार होता. आपल्या पूर्वजांनीं ज्या भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या, त्यांच्याच कुळांतील हा वृक्ष. सरोवरांच्या या देशांत त्याच्या सालीनें होडी, छप्पर आणि कागद अशीं तिन्ही कामें केलीं.

युरोपांत बीव्हर नामक प्राण्याच्या लोंकरीच्या टोप्यांची आवड होती. तेवढ्या आवडीपायीं मॉन्ट्रियलपासून थेट वायव्येकडील आथाबास्का सरोवरापर्यंत होड्यांचे तांडे चालूं लागले. त्यांवर वल्हीं मारणारे जे फ्रेंच-कॅनेडियन मजूर, तेच व्हॉयाजर होत. उद्यानाचें नांव त्यांच्यावरूनच पडलें आहे. मोठ्या सरोवरांतून येणारी होडी सुमारें ३६ फूट लांब असे. आंतील अरुंद पाण्यांतून जाणारी सुमारें २५ फूट. लांकडी फासळ्यांवर भूर्जाची साल ताणलेली, स्प्रूस वृक्षाच्या मुळ्यांनीं शिवलेली आणि राळेनें सांधे बुजविलेले, अशी ती नाजूक वस्तु. एखादा खडक घांसला कीं फाटावयाची. पण फाटली तरी दुरुस्तीचें सर्व साहित्य कांठावरच्या झाडांतच मिळे. दोन पाण्यांमध्यें जेथें जमीन आडवी येई तेथें होडी आणि माल दोन्ही पाठीखांद्यावरून न्यावीं लागत. अशा वाटेला पोर्टेज म्हणत. मालाचें गांठोडें ठरलेल्या वजनाचें, ९० पौंडांचें, म्हणजे सुमारें ४१ किलोंचें असे, आणि एका माणसानें एका खेपेस दोन गांठोडीं उचलावीं अशी अपेक्षा होती. कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या बळावर हीं ओझीं पाठीवर तोललेलीं असत. सुपीरियर सरोवराच्या कांठचें ग्रँड पोर्टेज साडेआठ मैलांचें होतें.

पहांट होण्यापूर्वींच हे लोक निघत. मधून मधून चिलीम ओढण्यापुरता विसांवा मिळे, आणि अंतरहि मैलांनीं न मोजतां चिलिमींनीं मोजीत. सायंकाळीं एखाद्या सपाट खडकाशीं, वारा न लागेल अशा खाडींत, होडी लागे. माल उतरावयाचा, होडी पालथी घालावयाची, आणि तिच्याच आडोशास निजावयाचें; तंबू असलाच तर तो कंपनीच्या साहेबाचा. मडक्यांत मका किंवा वाटाणे चरबीबरोबर शिजत. पुढील प्रवासास लागणारा रानभात रेनी सरोवरापाशीं ओजिब्वे लोकांकडून विकत घेतला जाई. आथाबास्काहून येणाऱ्या तांड्यांना ग्रँड पोर्टेजपर्यंत येऊन नद्या गोठण्यापूर्वीं परत पोंचणें अशक्य होतें, म्हणून त्यांच्या मालाची अदलाबदल रेनी सरोवराच्या ठाण्यावरच होत असे. या लोकांच्या गाण्यांचें आणि रंगीत कमरपट्ट्यांचें वर्णन पुढें पुष्कळांनीं केलें. त्यांच्या अंतर्गळाचें वर्णन करणारे थोडे.

या व्यापारी वाटेनें एक राजकीय गोष्टहि ठरविली. १७८३ च्या तहांत ब्रिटन आणि नवी अमेरिकन संस्थानें यांच्यामधील सीमा या भागांत जलमार्गानें जावी असें लिहिलें गेलें. पण कोणता जलमार्ग, यावर वाद माजला. तो १८४२ च्या वेब्स्टर-ॲशबर्टन तहानें मिटला. त्या तहांत सरहद्दीवरील जलमार्ग व नेहमींचीं पोर्टेजें दोन्ही देशांच्या लोकांस खुलीं राहतील असें कलम आहे. होडीवाल्यांची संवय अशा रीतीनें राज्याची सीमा झाली. ज्यांचें पाणी होतें त्या ओजिब्वे लोकांना मात्र या तहांत कोणी विचारलें नाहीं. १८६६ च्या करारानें बुआ फोर्त येथील ओजिब्वे लोकांनीं अमेरिकेच्या बाजूची आपली जमीन सोडली आणि त्यांस नेट सरोवरापाशीं राखीव प्रदेश मिळाला. तरीहि विसाव्या शतकांतसुद्धां कांहीं कुटुंबें जुन्या कांठावर राहत होतीं.

यानंतर जे आले ते घाईचे लोक. १८९३ मध्यें लिटल अमेरिकन नांवाच्या बेटावर सोनें सांपडलें. दुसऱ्याच वर्षीं रेनी लेक सिटी हें गांव उठलें, आणि १९०१ च्या सुमारास तें ओसाड झालें. लांकूडवाल्यांचा अंमल अधिक टिकला. पाइन वृक्षांचे ओंडके सरोवरांतून तराफ्यांनीं ओढून आणीत आणि नमाकनच्या एका खाडींत ते उचलून आगगाडीवर चढवीत. त्या खाडीला अजूनहि उचलण्याचीच खाडी, हॉइस्ट बे, म्हणतात. आज पर्यटक ज्या रानाला आदिम समजतात, त्याचा मोठा भाग या तोडीनंतर वाढलेला आहे.

परंतु खरा प्रश्न लांकडाचा नव्हता. पाण्याच्या उंचीचा होता. एडवर्ड वेलिंग्टन बॅकस या कारखानदारानें कागदाच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून कूचिचिंग धबधब्यावर धरण बांधविलें. तें १९०९ च्या सुमारास पुरें झालें. १९१४ पर्यंत केटल फॉल्स येथेंहि धरणें झालीं आणि नमाकन व कॅबेटोगामा यांचें पाणी त्यांच्या हुकुमांत आलें. रानभाताचे ताटवे बुडाले, जुने कांठ पाण्याखालीं गेले. एवढ्यानें समाधान न होऊन १९२५ मध्यें बॅकसनें सरहद्दीवरील सर्व सरोवरांची एक साखळी करण्याची योजना पुढें मांडली. ती पार पडती तर कांहीं सरोवरांची पातळी ८० फुटांपर्यंत चढली असती.

तिला आडवा आला तो अर्नेस्ट ओबरहोल्ट्झर. हार्वर्डचा हा पदवीधर १८८४ सालीं जन्मला. हृदयाच्या दुखण्यामुळें तो वर्षभरहि जगणार नाहीं असें तरुणपणींच डॉक्टरांनीं सांगितलें होतें. त्यानें अंथरूण धरण्याऐवजीं होडी धरली. बिली मगी या ओजिब्वे वाटाड्याबरोबर १९०९ च्या उन्हाळ्यांत त्यानें रेनी सरोवराचें सारें पाणलोट क्षेत्र पालथें घातलें, १९१२ मध्यें दोघे हडसन उपसागरापर्यंत जाऊन आले, आणि पुढें तो रेनी सरोवरांतील मॅलर्ड बेटावर राहिला. (डॉक्टरांचा अंदाज सुमारें सत्तर वर्षांनीं चुकला, ओबरहोल्ट्झर १९७७ सालीं वारला.) हा एकटा गृहस्थ पैशानें बॅकसची बरोबरी करूं शकत नव्हता. परंतु कोणत्या खाडींत किती पाणी आहे, कोणतें बेट बुडेल आणि कोणतें पोर्टेज नाहींसें होईल, हें त्याला मुक्काम करून ठाऊक होतें. आणि वॉशिंग्टनमध्यें हेंच ज्ञान कामास आलें. १० जुलै १९३० रोजीं शिपस्टेड-नोलन कायदा मंजूर झाला. मिनेसोटाच्या सरहद्दीवरील सरोवरप्रदेशांतल्या सरकारी जमिनीवर कांठालगतची वृक्षतोड त्यानें रोखली आणि काँग्रेसच्या संमतीवांचून पाण्याची नैसर्गिक पातळी बदलण्यास मनाई केली. १९३४ मध्यें दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगानेंहि बॅकसच्या योजनेस अनुकूल मत दिलें नाहीं. त्याच वर्षीं बॅकस मरण पावला. त्याची कंपनी त्यापूर्वींच डबघाईस आली होती.

येथें राष्ट्रीय उद्यान व्हावें अशी मागणी मिनेसोटाच्या विधिमंडळानें १८९१ इतक्या पूर्वीं केली होती. तिला गति मिळाली १९६२ सालीं. त्या वर्षीं गव्हर्नर एल्मर अँडरसन, राष्ट्रीय उद्यानांचे प्रमुख आणि लेखक सिगर्ड ओल्सन यांनीं कॅबेटोगामाची पाहणी केली, आणि व्हॉयाजर्स हें नांव ओल्सनने सुचविलें. अँडरसन त्याच सालची निवडणूक ९१ मतांनीं हरले, तरी त्यांनीं हा ध्यास सोडला नाहीं. ८ जानेवारी १९७१ रोजीं कायद्यावर सही झाली आणि ८ एप्रिल १९७५ रोजीं उद्यान अस्तित्वांत आलें.

हा सर्व विजयाचाच इतिहास नव्हे. द्वीपकल्पाचा बराच भाग एका मोठ्या लांकूड-कंपनीचा होता. तिनें १९६५ मध्यें बॅकसच्या कंपनीची वारसदार कंपनी आपल्यांत सामावून घेतली होती. तिच्या विरोधाबद्दल कोणास फारसें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. पण कांठावर ज्यांच्या लहानशा लांकडी कोठ्या होत्या, ज्यांच्या दोन पिढ्या तेथें मासे धरीत आल्या होत्या, त्यांचें काय? सरकारनें घरें विकत घेतलीं. कांहींना ठराविक मुदतीपर्यंत वा हयातीपर्यंत राहूं दिलें, आणि मग तीं घरें रिकामीं झालीं. त्यांचा राग अनेक वर्षें निवला नाहीं, आणि तो अनाठायीं होता असें म्हणवत नाहीं. सर्वांसाठीं राखलेल्या कांठावर पूर्वीं कोणीतरी राहत होतें. ओजिब्वे कुटुंबांच्या बाबतींत तर हें दुसऱ्यांदा घडलें. होडी लावण्यास सोईची, वाऱ्यापासून आडोशाची, चार माणसें निजतील एवढी सपाट जागा या खडकाळ मुलुखांत मुळांतच दुर्मिळ. ती ओजिब्वे कुटुंबानें निवडली, व्हॉयाजरनें निवडली, ओंडकेवाल्यानेंहि निवडली. आजचा तंबू तेथेंच पडावा यांत नवल नाहीं.

पाण्याची उंची मात्र अद्याप मनुष्याच्या हातीं आहे, आणि ती पूर्णपणें त्याच्या हातीं नाहीं. संयुक्त आयोगानें १९४९ पासून सरोवरांच्या पातळीला ऋतुमानाप्रमाणें मर्यादा घालून दिल्या. नमाकनचें पाणी हिवाळ्यांत फार उतरविलें जाई, त्यामुळें बीव्हरांचीं घरें कोरडीं पडत. उशिरां भरलेलें पाणी लून पक्ष्यांच्या घरट्यांत शिरे. म्हणून २००० सालीं नियम बदलले आणि २०१८ मध्यें पुनः सुधारले. तरीहि २०२२ च्या वसंतांत बर्फ आणि पाऊस एकदमच आले. केटल फॉल्सचे दरवाजे मोकळे असतांनाहि येणारें पाणी जाणाऱ्या पाण्याहून अधिक होतें. रेनी सरोवरानें १९५० च्या महापुराची खूण ओलांडली, धक्के बुडाले, आणि अनेक मुक्कामांच्या जागीं पाणी शिरलें. तंबूवाल्यांना कांठ उघडा पडेपर्यंत थांबावें लागलें.