नको असलेला मुकुट

राजघराण्यात जन्मलेले मूल भाग्यवान, असे आपण सहज म्हणून जातो. बेल्जियमचे राजे बोदुआँ यांचे बालपण वाचल्यावर मात्र तसे म्हणवत नाही.

त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९३० चा. ते तीन वर्षांचे असताना आजोबा, राजे पहिले आल्बेर, कड्यावरून कोसळून मरण पावले आणि वडील तिसरे लिओपोल्ड गादीवर आले. पुढे दीड वर्षाने, २९ ऑगस्ट १९३५ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये मोटार अपघातात आई गेली. गाडी खुद्द लिओपोल्ड चालवीत होते. राणी ॲस्ट्रिड मूळच्या स्वीडनच्या, ल्युथरन पंथात वाढलेल्या; १९३० साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. बेल्जियमची प्रजा त्यांच्यासाठी धाय मोकलून रडली. बोदुआँना पाच वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य देशात शिरले. लिओपोल्ड शरण गेले. मंत्री परदेशी गेले तरी ते मायदेशीच, जर्मनांच्या कैदेत राहिले. १९४१ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. या दोन्ही गोष्टी पुष्कळांना रुचल्या नाहीत. जून १९४४ मध्ये जर्मनांनी सर्व कुटुंबाला जर्मनीत नेऊन डांबले. मे १९४५ मध्ये ऑस्ट्रियात अमेरिकन सैनिकांनी त्यांची सुटका केली, पण घर काही उघडले नाही! राजा शत्रूला सामील होता काय, या वादाने देश दुभंगला होता. बोदुआँचे शिक्षण मग जिनीव्हाजवळच्या परवासात झाले.

मार्च १९५० च्या सार्वमतात सुमारे ५८ टक्के मते राजाच्या बाजूने पडली. तथापि जुलैमध्ये ते परतताच संप आणि दंगली उसळल्या. लिएजजवळ पोलिसांच्या गोळीबारात चौघांचा बळी गेला. तेव्हा लिओपोल्डनी आपले अधिकार एकोणीस वर्षांच्या पुत्राकडे सोपविले.

एरवी पिता निवर्तल्यावर पुत्राला गादी मिळते. येथे पिता हयात होता आणि पुत्राच्या मते निरपराध होता. त्याच्या जागी बसणे ही त्या मुलाला बढती कशी वाटावी? १७ जुलै १९५१ रोजी त्यांनी राजपदाची शपथ घेतली. चेहऱ्यावर हसू क्वचितच उमटे, म्हणून लोक त्यांना ‘दुःखी राजा’ म्हणू लागले. लाकेनच्या राजवाड्यात १९६० पर्यंत पिता-पुत्र एकत्रच राहत होते.