पापा विलीचा उतार

आधी नदी ओलांडा. मेंफिस मागे टाकून मिसिसिपीच्या पुलावरून आर्कान्सात उतरा. पन्नासचं दशक सरत आलंय, रात्र बरीच झालीय आणि वेस्ट मेंफिसच्या डॅनीज क्लबात धुराने तुमचे डोळे चुरचुरताहेत. नाचणारे गोरे, वाजवणारे काळे. दिवसाउजेडी या दोघांना एका टेबलावर बसायची मुभा नाही.

पुढे ट्रंपेट घेऊन उभा असलेला तिशीचा माणूस म्हणजे विली मिशेल. 1928 साली मिसिसिपी राज्यातल्या अ‍ॅशलंडमध्ये जन्मलेला, जॅझवर वाढलेला. त्याचं वाजवणं ऐकाच, पण तो दुसऱ्यांचं कसं ऐकतो तेही बघा. ड्रम्सवर अ‍ॅल जॅक्सन आहे. त्याचा ठोका केसभर मागे रेंगाळतो, आणि विली त्याला पुढे ढकलत नाही. तो ठोका त्याने मनात जपून ठेवलाय. तुम्हीही ठेवा.

आता 1971. साउथ लॉडरडेल स्ट्रीटवरच्या एका जुन्या सिनेमागृहात शिरा. पूर्वीचं रॉयल थिएटर, आता हाय रेकॉर्ड्स या कंपनीचा रॉयल स्टुडिओ. खुर्च्या कधीच गेल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन तशीच आहे. चालताना पाऊल आपोआप पुढे पडतं. जमीन आणि छत समांतर नसल्यामुळे आवाज दोन्हींच्या मध्ये अडकून घुमत नाही. उताराने खाली जावं तसा आवाज मोठा होत जातो, असं विलीचं मत. म्हणून ही जमीन त्याने कुणाला सपाट करू दिली नाही.

1968 मध्ये ‘सोल सेरेनेड’ या त्याच्या स्वतःच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्डला मोठं यश मिळालं होतं. तरी आज ट्रंपेट बाजूला आहे आणि तो काचेमागे, कंट्रोल रूममध्ये बसलाय. समोर हॉजेस भाऊ: टीनी गिटारवर, लिरॉय बेसवर, चार्ल्स ऑर्गनवर. टीनीला विलीने पोरवयात हाताशी धरून घडवलं. इथे सगळे त्याला पापा विली म्हणतात. ड्रम्सवर कोण आहे ते वाकून पाहा. डॅनीज क्लबातला तोच अ‍ॅल जॅक्सन.

माईकपुढे पंचविशीचा अ‍ॅल ग्रीन. विलीला तो टेक्ससमधल्या मिडलंडच्या एका क्लबात भेटला, तेव्हा त्याच्या खिशात पैसे नव्हते आणि डोक्यावर कर्ज होतं. या पोराचा गळा दणकट आहे, आणि त्याला ओटिस रेडिंग, विल्सन पिकेट या गायकांसारखं गर्जायचंय. विलीला ते नकोय. हळू म्हण, तो सांगतो. आणखी हळू. पोरगा चिडतो, दोघांची जुंपते, पुन्हा टेप फिरते. तुम्ही भिंतीला टेकून हे पाहत असता. तुम्हालाही क्षणभर वाटतं, हा माणूस उगाच छळतोय. थांबा जरा. खालच्या पट्टीत जवळजवळ बोलल्यासारखा निघालेला सूर अचानक वर सरकतो, पातळ आणि उघडा होतो. समोर बसलेल्या एकाच माणसाला सांगावं तसं गाणं येतं. विलीने त्याखाली जॅझमधले कॉर्ड्स पेरलेत. सोल संगीताच्या साध्या चालीला त्यांनी एक हुरहुर दिलीय. जॅक्सन अजूनही केसभर मागे आहे.

ग्रीनचा आवाज टिपणारा हा नऊ क्रमांकाचा माईक विली दुसऱ्या कुणाला सहजी देत नाही. त्यातून ‘लेट्स स्टे टुगेदर’ बाहेर पडतं आणि फेब्रुवारी 1972 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जातं. निर्माता म्हणजे पैसे घालणारा असा आपल्याकडे समज आहे. इथे निर्माता काय करतो ते तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय. गायकाला स्वतःचा जो आवाज ऐकू येत नव्हता, तो याने ऐकला आणि तो मिळेपर्यंत मागे हटला नाही. माझ्या मते ही कामगिरी उत्तम ट्रंपेटवादनापेक्षा तसूभरही कमी नाही.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. 1973 मध्ये इथेच गायिका अ‍ॅन पीबल्सच्या गाण्यात विजेवरच्या टिंबाली या तालवाद्यातून पावसाचे थेंब पडतात. 1975 मध्ये अ‍ॅल जॅक्सनचा खून होतो. ग्रीन चर्चमध्ये उपदेशक होतो, हाय रेकॉर्ड्स विकली जाते. विली स्टुडिओ सोडत नाही.

2003 मध्ये दार पुन्हा ढकला. पंचाहत्तरीचा विली आणि उपदेशक ग्रीन ‘आय कान्ट स्टॉप’ हा अल्बम करताहेत, माईकही तोच नऊ क्रमांकाचा. पुढच्या वर्षी स्टुडिओसमोरच्या रस्त्याला विलीचं नाव मिळतं. 5 जानेवारी 2010 रोजी तो गेला. स्टुडिओ आज घरचीच माणसं चालवतात. 2014 मध्ये आलेल्या आणि गाजलेल्या ‘अपटाउन फंक’ या गाण्याचा काही भाग इथेच ध्वनिमुद्रित झाला.

आता घरी परतलात की 1971 चं ते ‘लेट्स स्टे टुगेदर’ हेडफोन लावून ऐका, आणि पहिल्यांदा गायकाकडे नाही, ड्रम्सकडे लक्ष द्या.