एका कानाची गोष्ट

डोंगर चढायला पाठीवर सॅक, पायांत बूट आणि डोक्यावर टोपी लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण डोंगर चढणाऱ्याला कानांतही काहीतरी लागते, ही गोष्ट मात्र आमच्या इतिहासकारांच्या नजरेतून साफ निसटली. कोणत्या घाटाने कुठले सैन्य उतरले, कोणत्या वाटेने मिठाचे बैल वर चढले, यावर ग्रंथ झाले. पण ही मंडळी चालताना ऐकत काय होती, याबद्दल एकाही बखरकाराने ब्र काढलेला नाही. तेव्हा ही उणीव भरून काढण्याचे काम नाइलाजाने माझ्याकडे आले आहे.

हल्लीची मुले पाटणकडे ट्रेकला निघाली की पाण्याची बाटली घेतली का, हे आईने विचारायचे आणि पॉडकास्ट कुठले घेतले, हे एकमेकांनी विचारायचे, अशी कामाची वाटणी आहे. पाटण म्हणजे सातारा जिल्ह्यातले, कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमाजवळचे गाव. चारी बाजूंना डोंगर. डोंगराची एक सोंड आडवी आली की मोबाइलची रेंज गुल होते. म्हणून जाणते लोक कराडलाच चार-पाच पॉडकास्ट फोनमध्ये भरून घेतात. आमच्या वेळी कराडला शेव-चिवडा भरून घेत. काळ बदलला, पण भरून घेण्याची जागा बदलली नाही, हे मला समाधानाचे वाटते.

यंत्रे नव्हती तेव्हाही कान रिकामे नव्हते. पाटण तालुक्यातच चाफळ आहे. तिथे समर्थ रामदासांनी 1648 साली राममंदिर उभारले. त्याआधी बारा वर्षे ते पायी देशभर हिंडले होते, म्हणजे आमच्या हिशेबात फार मोठे ट्रेकर. त्या काळी चालणाऱ्याला ऐकायचे असेल तर कीर्तन ऐकायला मुक्कामाला थांबावे लागे, नाहीतर सोबतच्या वाटाड्याचे ऐकावे लागे. वाटाड्याला मध्येच थांबवायचे बटण नव्हते. असलेच तर ते त्याच्या तंबाखूच्या चंचीत होते.

मग आला ट्रान्झिस्टर. खिशात मावेल असा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ 1954 साली अमेरिकेत विकायला आला. पुढच्याच वर्षी, 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत आणि वर्षभरात 56 गीते. लोक रेडिओला हार घालून समोर बसत. पण तो घरातला, फळीवरचा, भारदस्त रेडिओ. तो गडावर न्यायचा तर हमालच करावा लागला असता. त्याला पोस्टातून लायसन्स काढावे लागे, हे आजच्या पोरांना सांगितले की ती माझ्याकडे औरंगजेबाच्या समकालीनाकडे पाहावे तशी पाहतात. ती भानगड 1980च्या दशकात मिटली.

1963 साली सांगली आकाशवाणी सुरू झाली आणि आमच्या भागाला हक्काचा आवाज मिळाला. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि डोंगरावर पोचले. दर ट्रेकला एक गृहस्थ असा असे, की जो ट्रान्झिस्टर खांद्याला लटकावून सर्वांत पुढे चाले. त्याने लावले ते सर्वांनी ऐकायचे. शंभर पावलांच्या आतल्या गुरांनीसुद्धा! ऑगस्ट 1971 मध्ये वाडेकरच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले, त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. अशा दिवशी भर पावसात ट्रान्झिस्टरला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, एरियल वर काढून, उंचवट्यावर उभे राहणारे भक्त मी पाहिले आहेत. खरखर वाढली की सगळे मिळून श्वास रोखत. विकेट पडली की अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या पाठीत धपाटा घाली. कानांचे हाल होत, पण ते सर्वांचे एकत्र होत.

त्यानंतर जुलै 1979 मध्ये जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला आणि ऐकणे खासगी झाले. पण यात एक गंमत आहे. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी एक नव्हे, दोन भोके होती. एकट्याने ऐकत बसणे उद्धटपणाचे दिसेल, अशी कंपनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांना धास्ती होती. शिवाय त्यावर एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि जोडीदाराचे बोलणे ऐकू येई. पुढच्या मॉडेलांतून दुसरे भोक गेले आणि ते बटणही गेले. कुणाची तक्रार आली नाही म्हणे. नवराबायकोंनी एकमेकांचे ऐकण्यासाठी बटण दाबावे, ही कल्पना जपानातही फार दिवस टिकली नाही.

‘पॉडकास्ट’ हा शब्द 2004 सालचा. बेन हॅमर्सली नावाच्या पत्रकाराने इंग्लंडच्या ‘गार्डियन’मध्ये तो प्रथम वापरला. ‘आयपॉड’मधला पॉड आणि ‘ब्रॉडकास्ट’मधला कास्ट. डोंगरवेड्यांनी तो लगेच उचलला. 2007 साली अमेरिकेत ‘द डर्टबॅग डायरीज’ सुरू झाली. डर्टबॅग म्हणजे नोकरीधंदा सोडून, गाडीत झोपून, कडे चढत फिरणारा माणूस. आपल्याकडे अशा मुलाबद्दल घरात जे शब्द वापरतात, ते छापण्याजोगे नाहीत. तिकडे त्याच्या रोजनिशीचा कार्यक्रम होतो. 2016 साली ‘आउटसाइड’ मासिकाने आपला पॉडकास्ट काढला आणि सुरुवातीलाच, माणूस बर्फात गोठून मरतो म्हणजे नेमके काय होते, याची हकीगत ऐकवली. मे महिन्यात, भर दुपारी, घामाने निथळत पाटणचा डोंगर चढणाऱ्याने ऐकावा असा याहून सुखद कार्यक्रम मला ठाऊक नाही.

आता दातेगडाची गोष्ट. पाटणच्या डोक्यावरचा हा किल्ला, सुंदरगड असेही याचे नाव. तिथे कातळात कोरलेला गणपती आहे, मारुती आहे, आणि तलवारीच्या आकाराची खोल विहीर आहे. तिच्या पायऱ्या उतरताना भर उन्हाळ्यातही अंगावर काटा येतो. या विहिरीजवळ गुरे राखणारे एक म्हातारे बाबा बसले होते. आमच्यातला एक तरुण कानांत बोंडे खुपसून चालला होता.

“पाव्हणं, कान दुखतुया का?” बाबांनी विचारले.

“नाही बाबा, गोष्ट ऐकतोय.”

“कशाची?”

“किल्ल्यांची.”

बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा विहिरीकडे पाहिले. “मंग किल्ल्यावर कशापायी आलासा? घरी बसून ऐकायची हुती की!”

तरुणाने बोंडे काढली. मग बाबांनी सांगितले, ते कुठल्याच पॉडकास्टात नव्हते. भूकंपाच्या वेळी ते पोरगे होते. “जमीन हलायच्या आधीबी ती बोलायची,” ते म्हणाले. “सुरुंग उडवल्यागत. धडाम्! आमी म्हणायचो, धरणाचं काम चाललंया.”

ही म्हाताऱ्याची बडबड नव्हे. कोयनेचे पाणी 1962च्या सुमारास अडू लागल्यावर धरणाच्या परिसरात सुरुंगासारखे आवाज आणि बारीक हादरे सुरू झाले, ही शास्त्रज्ञांनी नोंदलेली गोष्ट आहे. मग भूकंपमापके बसवली गेली. आणि 11 डिसेंबर 1967च्या पहाटे, 4 वाजून 21 मिनिटांनी, मोठा धक्का बसला. कोयनानगर कोसळले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. जलाशयामुळे भूकंप होतात का, या वादात तेव्हापासून जगभर कोयनेचे नाव घेतले जाते. जमीन पाच वर्षे सांगत होती. त्यातले नेमके काय समजून घ्यायचे, हे त्या वेळी पृथ्वीवर कुणालाच पुरते येत नव्हते.

ते शिकण्यासाठी आता शास्त्रज्ञांनी गोठणे गावाजवळ सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडले आहे. त्या कामासाठी कराडजवळ खास प्रयोगशाळा आहे. आसपासच्या इतर खोल भोकांत भूकंपमापके सोडून जमिनीची कुजबुज टिपली जाते. म्हणजे आम्ही कानांत बोंडे घालून जगाचे ऐकतो आणि हे लोक जमिनीत बोंडे घालून तिचे ऐकतात. दोहोंत अधिक महत्त्वाचा कार्यक्रम कोणाचा, हे वाचकांनी ठरवावे.

तेव्हा डोंगरात काय ऐकावे, या प्रश्नाला माझे साधे उत्तर असे. पाटणपर्यंतच्या एसटीत खुशाल दोन्ही कानांनी पॉडकास्ट ऐका. कंडक्टर काय म्हणतो, ते तसेही कळत नाही. सपाटीवर, गाडीरस्त्याने चालताना एका कानात बोंडूक ठेवायला हरकत नाही. पण चढ लागला की दोन्ही काढा. वरचा गडी “दगड!” म्हणून ओरडतो, तो पॉडकास्टात नसतो. कड्यावरच्या आग्या मोहोळाची घूं घूं, पावसाळ्यात अचानक फुगलेल्या ओढ्याचा गडगडाट, रानातल्या गव्याचे फुरफुरणे, हे सगळे थेट प्रक्षेपण असते. पुन्हा ऐकण्याची सोय नसते. जून-जुलैत शीळकरी कस्तुर एखाद्या उनाड पोरासारखा, सूर धरून सोडून देत शीळ घालतो. त्याला जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, आणि भाग संपताना ‘आवडल्यास मित्रांना पाठवा’ असा आग्रहही नाही.

आणि वाटेत कुणी बाबा भेटले, तर फोन बंद करून शेजारी टेकावे. तंबाखू विचारतील. नसेल तर शेव-चिवडा चालतो.