वर्ध्याचा सातबारा संगणकात कसा गेला?

केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. रंगारेड्डी, सोनितपूर, सिंगभूम, गांधीनगर, मुरैना, मयूरभंज, डुंगरपूर आणि महाराष्ट्रातून वर्धा, असे ते जिल्हे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा पहिला प्रस्ताव मांडला तो मार्च १९८९ मध्ये, म्हणजे त्याच आर्थिक वर्षाच्या अखेरीस. संकेतस्थळ ही वस्तूच जगात नव्हती, तेव्हा वर्ध्याच्या शेतकऱ्याचे नाव संगणकात नेण्याचे ठरले होते.

पण नेमके काय न्यायचे होते? गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर कोणाचा बोजा, याची नोंद. गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकले याची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणून येथील चूक केवळ टंकलेखनाची राहत नाही. नाव चुकले की पीककर्ज अडते, आणि कापसाच्या या प्रदेशात पेरणी कर्जावर उभी असते.

वर्ध्याच्या दप्तराची खरी अडचण त्याच्या वयात होती. नागपूर जिल्ह्यातून १८६२ मध्ये वेगळा निघालेला हा जिल्हा मध्य प्रांतातला. येथे मालगुजारी होती आणि गावचा हिशेब पटवारी ठेवी. (शासनाने तलाठी म्हटले तरी वर्ध्याकडच्या बोलण्यात पटवारी अजून आहे.) १९५१ मध्ये मालगुजारी संपली. पुढे मध्य प्रदेशच्या १९५४ च्या महसूल संहितेने शेतकऱ्यांना भूमिस्वामी आणि भूमिधारी अशा वर्गांत बसवले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात.

आज जिला विदा-स्थलांतर म्हणतात, तशी एक मोठी घटना येथे संगणकाच्या कितीतरी आधी, निव्वळ कागदावर घडली. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. तिच्या कलम २९ ने जुन्या हक्कांना नवी नावे दिली. हस्तांतरणावर बंधन नसलेला भूमिस्वामी भोगवटादार वर्ग एक झाला. बंधन असलेला भूमिस्वामी आणि भूमिधारी वर्ग दोनमध्ये गेले. आता एखाद्या लेखनिकाने ‘भूमिस्वामी’ एवढाच शब्द पाहून सरसकट वर्ग एक लिहिले असते, तर परवानगीशिवाय न विकता येणारी जमीन कागदावर मोकळी झाली असती. उलट चूक झाली असती, तर स्वतःचे शेत विकण्यासाठी शेतकऱ्याला कचेरीत खेटे घालावे लागले असते. जुन्या रकान्यातला शब्द नव्या रकान्यात नुसता उतरवून भागत नाही, ही गोष्ट महसूल खात्याने संगणकतज्ज्ञांच्या आधी अनुभवली आहे.

मापांचेही तेच. मध्य प्रांतात एकराचे शंभर डिसमिल, मुंबई इलाख्यात एकराचे चाळीस गुंठे, आणि शेवटी दोन्हीकडे हेक्टर-आर. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. प्रत्येक हिस्सा वेगळा बदलून पूर्णांकात आणला, तर हिस्स्यांची बेरीज गट क्रमांकाच्या एकूण क्षेत्राशी जुळेलच असे नाही. कागदावर असा फरक वर्षानुवर्षे निमूट पडून राहतो. बेरीज तपासणारा संगणक मात्र तो लगेच दाखवतो. मग दोष यंत्रावर येतो.

त्यात लिपीचा प्रश्न. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ चे, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. तोवर, आणि नंतरही बराच काळ, देवनागरी मजकूर त्या त्या फाँटच्या सांकेतिक क्रमांकांत साठवला जाई. तो फाँट नसलेल्या यंत्रावर खातेदाराचे नाव म्हणजे चिन्हांचा गोंधळ. युनिकोडकडे जाताना अशी प्रत्येक नोंद रूपांतरित करावी लागते; जोडाक्षर आणि रफार येथे दगा देतात.

आठ जिल्ह्यांचा हा प्रयोग पुढे देशभर पसरला. १९९७-९८ मध्ये तालुका पातळीवर संगणकीकृत उतारे देण्याचे धोरण ठरले, २००८ मध्ये योजना राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात विलीन झाली, आणि महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ प्रणाली आली. कोणती भाषा, कोणती चौकट, माहिती तालुक्यात ठेवायची की एकत्र, हे निर्णय तंत्रज्ञांनी घेतले आणि काळानुसार बदललेही. एक प्रश्न मात्र त्यांच्या हातचा नव्हता : हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा वेगवेगळे बोलू लागले, तर खरा कोणता?

त्याचे उत्तर शोधण्यासाठी महसूल खाते जुन्याच रीतीकडे वळले. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले. संगणकातून काढलेले उतारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, खातेदाराने आपले नाव, क्षेत्र, बोजा ऐकायचा आणि चूक असेल तर तेथेच सांगायची. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद संहितेच्या कलम १५५ मध्ये होतीच. तिचा आधार घेऊन तहसीलदारांच्या आदेशाने नोंदी सुधारल्या गेल्या. त्यानंतर, १ मे २०१८ रोजी, तलाठ्याची डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा महाराष्ट्रात उपलब्ध झाला. वर्ध्याची निवड होऊन तोवर सुमारे तीस वर्षे लोटली होती.